नाकातून आलेली तार: स्वादुपिंडाच्या खड्याचं एक प्रकरण

रात्री साडेअकराला माझ्या एका तरुण रुग्णाच्या मामांचा फोन आला. "डॉक्टरसाहेब, दुर्बिणीचं झालं, पण जाळी आत अडकली म्हणतेत. तार नाकातून बाहेर काढून गालाला चिकटवलीय. असं असतंय का?"

असं असतं. क्वचित, पण असतं. तार कुठली, ती नाकातून का काढली, हे मला त्या एका वाक्यात कळलं होतं. मामांना कसं समजवायचं ते मात्र सुचत नव्हतं, कारण त्या मुलाला त्या टेबलावर नेणारी चिठ्ठी माझ्या हस्ताक्षरातली होती.

मी तालुक्याच्या गावी फिजिशियन आहे, स्वतः दुर्बिणीची कामं करत नाही. हे प्रकरण पाठवणाऱ्याच्या बाजूनं लिहितोय. मुलाच्या आणि त्याच्या आईच्या परवानगीनं लिहितोय; ओळख पटेल असे तपशील बदललेत आणि रुग्णालयांची नावं दिलेली नाहीत. एक गोष्ट आधीच सांगतो. जाळी अडकल्यानंतर त्या डॉक्टरांनी जे केलं, ते मला आजही योग्य वाटतं. चूक त्याच्या आधीची आहे आणि तिच्यात माझा वाटा आहे.

आधीची दोन वर्षं

मुलगा २६ वर्षांचा. वडील नाहीत, आई आणि मामा. मराठवाड्यात चार एकर कोरडवाहू, शिवाय गावात मोबाईल दुरुस्तीची टपरी. बेंबीच्या वर दुखायला लागायचं, ते आरपार पाठीत जायचं. दुखायला लागलं की टपरीचं शटर अर्धं ओढून, पोटाशी पोतं धरून, पुढं वाकून बसायचा. उताणं झोपलं की जास्त. दोन वर्षांत तीन दवाखाने झाले आणि तिन्हीकडे 'पित्त'. जठराची दुर्बीण झाली, ती नॉर्मल.

माझ्याकडे आला तो शुगरसाठी. उपाशीपोटी ३१०. वजन ४६ किलो, दोन वर्षांपूर्वी ५८ होतं. एवढ्या बारीक पोराला मधुमेह झाला की मी पोटाकडे वळतो. आईला विचारलं, संडास कसा होतो? त्या माउलीनं पाठ्यपुस्तकात नसेल इतकं अचूक वर्णन केलं: "पांढरट व्हतंय, तरंगतंय, आन् पाणी वतलं तरी भांड्याला तेल लागल्यावानी राहतंय." पोटाचा साधा एक्स-रे काढला. कण्याच्या आडवे पांढरे ठिपके, कुणी मूठभर ज्वारी सांडावी तसे. स्वादुपिंडाचा जुनाट दाह, म्हणजे क्रॉनिक पॅन्क्रियाटायटिस, नळीत खडे, त्यातून मधुमेह आणि चरबी न पचणं. सगळं एका फिल्मवर.

"दारू?" हा प्रश्न त्याला तोवर इतक्यांनी विचारला होता की मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "शपथेवर नाही सर." खरंच नव्हती. दारू न पिणाऱ्या तरुणांना, अगदी मुलांनासुद्धा होणारा हा आजार १९५९ साली इंडोनेशियातल्या रुग्णांवरून झुइडेमा यांनी मांडला आणि पुढे केरळात त्याचा मोठा अभ्यास झाला. टॅपिओका (ज्याचा साबुदाणा होतो तो कंद) खाण्याचा संबंध बराच काळ लावला गेला, तो टिकला नाही. आपल्याकडच्या बऱ्याच रुग्णांत स्पिंक-१ नावाच्या जनुकातला बदल सापडतो. हे मी मामांना मुद्दाम सविस्तर सांगितलं, कारण सोयरीक मोडायला 'पोरगं पितंय' एवढी कुजबुज पुरते.

सिटी स्कॅनमध्ये मुख्य खडा दिसला: ९ मिलीमीटर, स्वादुपिंडाच्या डोक्याच्या भागात, मुख्य नळीत घट्ट बसलेला. त्याच्या खाली, आतड्याकडच्या बाजूला, नळी आवळलेली. त्याच्या मागे ती फुगून ८ मिलीमीटर झालेली. निरोगी नळी साधारण ३ च्या आसपास असते. शेपटीकडे बारीक खडे होते, पण वाट अडवणारा हा एकच. ('डोक्यात खडा' हे ऐकून आईनं रडायला सुरुवात केली. मामा म्हणाले, "मग डोक्याचाबी सिटी करायचा का?" स्वादुपिंडालाही डोकं आणि शेपूट असतं, हे समजवायला मला कागदावर मासा काढावा लागला.)

मग मी चिठ्ठी लिहिली. तिची झेरॉक्स अजून माझ्याकडे आहे: 'मुख्य पॅन्क्रियाटिक नळीत ९ मिमी खडा, डोक्याचा भाग. ईआरसीपी करून काढावा ही विनंती.'

दगड कसला

ईआरसीपी म्हणजे तोंडातून बाजूला बघणारी दुर्बीण आतड्याच्या सुरुवातीच्या भागापर्यंत नेऊन, जिथं पित्ताची आणि स्वादुपिंडाची नळी उघडते त्या छोट्या उंचवट्यातून आत शिरणं. पित्तनळीतले खडे असे काढणं आता जिल्ह्याजिल्ह्यात चालतं. डॉर्मिया बास्केट नावाची तारांची जाळी, एका इटालियन मूत्ररोगतज्ज्ञाच्या नावाची, मिटलेली असताना काडीएवढी असते आणि उघडली की कंदिलाभोवतीच्या जाळीसारखी फुगते. खडा तिच्यात पकडायचा आणि ओढायचा. पित्तनळी ऐसपैस असते, खडा बहुतेक वेळा मऊसर असतो, जाळीत चुरा झाला तरी चालतो.

स्वादुपिंडाचा खडा वेगळ्या जातीचा. तो जवळजवळ सगळा कॅल्शियम कार्बोनेट असतो. आमच्या भागात घराघरांत जी शहाबादी फरशी असते, ती याच कॅल्शियम कार्बोनेटची. वर त्याला बारीक काटे असतात, ते नळीच्या अस्तरात रुतलेले. नळी चिंचोळी, डोक्याच्या भागात वळण घेणारी, आणि बऱ्याचदा खड्याच्या पुढेच आवळलेली. जाळीला उघडायला जागा नाही आणि खडा पकडला तरी बाहेर यायला वाट नाही. म्हणून ५ मिलीमीटरपेक्षा मोठा, एक्स-रेत दिसणारा, डोक्यात किंवा मधल्या भागात अडकलेला खडा असेल तर तो आधी बाहेरून शॉकवेव्हनं, म्हणजे धक्क्याच्या लहरींनी, फोडायचा, मग गरज पडली तर दुर्बिणीनं चुरा काढायचा, असं युरोपियन एंडोस्कोपी संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलेलं आहे. मी चिठ्ठी लिहिली तेव्हा त्या सूचना येऊन बराच काळ लोटला होता. मला त्या ऐकून माहीत होत्या. ऐकून माहीत असणं आणि लिहिताना आठवणं यांत अंतर असतं.

जिल्ह्याच्या ठिकाणच्या त्या रुग्णालयात ईआरसीपी होती, स्वादुपिंडाच्या खड्यावर शॉकवेव्ह देण्याची सोय नव्हती. मूतखड्याचं मशीन शहरात होतं, पण त्यावर हे काम करणारं कुणी नव्हतं. तिथल्या डॉक्टरांनी मामांना मोठ्या शहराचा पर्याय सांगितला होता, हे मला नंतर कळलं. मामा म्हणाले होते, "इथं होतंय ना? मग हितंच करा. तिकडं राहायचं, खायचं, परवडत नाही. आमच्या डॉक्टरांनीबी तेच लिवलंय." शेवटचं वाक्य माझ्याबद्दल होतं.

त्या दिवशी टेबलावर

हे मी स्वतः पाहिलेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या डॉक्टरांनी फोनवर अर्धा तास काहीही न लपवता सांगितलं आणि सगळ्या फिल्म्स पाठवल्या, त्यावरून लिहितोय.

प्रक्रियेआधी शौचमार्गातून इंडोमेथॅसिन १०० मिलिग्रॅम दिलं होतं. ईआरसीपीनंतरचा स्वादुपिंडदाह त्यानं कमी होतो. नळीत तार शिरली. एक्स-रेत दिसणारा डाय सोडला तेव्हा खडा आणि त्यामागची फुगलेली नळी स्वच्छ दिसली. नळीचं तोंड कापून मोकळं केलं, आवळलेला भाग फुग्यानं ४ मिलीमीटरपर्यंत ताणला. मार्गदर्शक तार खड्याच्या बाजूनं वर सरकली.

इथं थांबता आलं असतं. एक बारीक स्टेंट, म्हणजे आतून पोकळ प्लास्टिकची काडी, टाकून, नळी वाहती करून, मुलाला शॉकवेव्हसाठी पाठवता आलं असतं. डॉक्टर म्हणाले, "तार इतकी सहज गेली की वाटलं आज निघेल." हा मोह मला कळतो. बाहेर बाकावर आई बसलेली, पैशांची ओढाताण ऐकलेली, पुन्हा भूल, पुन्हा खर्च. जाळी आत गेली, खड्यामागे उघडली, खडा पकडला गेला. फिल्मवर ते दिसतं: चार तारांच्या मधोमध पांढरा ठिपका, अगदी फोटोत घालावा असा.

मग ती खाली येईना.

खाली येईना म्हणून वर ढकलून खडा सोडायचा प्रयत्न केला. जाळी उघडायला मागे जेवढी जागा लागते तेवढी नव्हती, आणि खड्याचे काटे तारांत गुंतले होते. आता ना पुढे, ना मागे. अशा वेळी जाळीची मूठ बाहेरून कापून टाकतात, दुर्बीण पूर्ण बाहेर काढतात आणि तोंडातून लोंबणाऱ्या तारेवरून धातूची एक लवचिक नळी, सायकलच्या ब्रेकच्या केबलवर असते तशी, खड्यापर्यंत सरकवतात. मग बाहेर मूठ फिरवून, रहाटावर दोर गुंडाळावा तशी तार गुंडाळत जायची. जाळी आवळत जाते आणि खडा फुटतो किंवा तार तुटते. हॅम्बर्गच्या निब सोहेन्द्रा यांच्या नावानं हे यंत्र ओळखलं जातं. पित्ताच्या खड्यावर ते सहसा जिंकतं.

इथं दोन फेरे झाल्यावर डॉक्टरांनी स्क्रीनवर पाहिलं की खडा तसाच आहे आणि नळीच खाली ओढली जातेय. त्यांनी हात थांबवला. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हा क्षण. अजून दोन फेऱ्यांत तार आत तुटली असती किंवा नळी फाटली असती, आणि मग रात्रीच पोट उघडावं लागलं असतं. यांत्रिक पद्धतीनं खडे फोडताना होणाऱ्या गुंतागुंतीचा अनेक केंद्रांनी मिळून केलेला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. पित्ताच्या खड्यांच्या तुलनेत स्वादुपिंडाच्या खड्यांत ही गुंतागुंत तिपटीनं जास्त होती, आणि तिच्यात जाळी अडकणं किंवा तुटणं हेच मुख्य.

जाळीच्या शेजारून स्टेंट टाकायचा प्रयत्न झाला, जमला नाही. तोंडात तार ठेवली तर मुलगा चावेल, म्हणून नाकातून नळी घालून तारेचं टोक तोंडातून नाकात फिरवून घेतलं आणि गालाला चिकटवलं. मग मामांचा फोन.

ताप

पहाटे तीनला १०२ ताप, थंडी, पोट कडक. इथं खरी भीती दोन गोष्टींची असते. एक, नळीला किंवा आतड्याला भोक पडलं का? सिटीत बाहेर हवा नव्हती, भोक नव्हतं. दुसरी, अडकलेल्या खड्यामागे डाय भरला गेला आणि त्याला बाहेर यायला वाट राहिली नाही. साचलेल्या पाण्यात जंतू वाढायला वेळ लागत नाही, आणि त्यात या मुलाची शुगर ३८०.

लायपेज, म्हणजे स्वादुपिंडाचं रक्तात मोजतात ते एन्झाइम, जवळपास नॉर्मल आलं. ड्युटीवरच्या नव्या डॉक्टरला त्यावरून वाटलं, स्वादुपिंडाला काही झालेलं नाही. वर्षानुवर्षं जळून गेलेली ग्रंथी तेवढं एन्झाइम तयारच करत नाही. राखेत निखारा असला तरी धूर दिसेलच असं नाही. अशा जुन्या, खड्यांनी भरलेल्या स्वादुपिंडात ईआरसीपीनंतरचा नेहमीचा दाह उलट कमी वेळा होतो हे खरंय, पण म्हणून ताप आणि पोट सोडून रिपोर्टवर भरवसा ठेवू नये. अँटिबायोटिक, इन्सुलिनची ड्रिप, सलाईन. सकाळी नऊला ॲम्ब्युलन्स मोठ्या शहराकडे निघाली.

रस्ता आमच्या गावावरून जातो. बायपासच्या पेट्रोल पंपावर मी थांबलो होतो. मागचं दार उघडलं. मुलगा डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी. उजव्या नाकपुडीतून करड्या रंगाची बारीक तार, गालावर चिकटपट्टीखाली दोन वेढे घालून गुंडाळलेली, टोकाला कापसाचा बोळा. आईनं पदराचं टोक त्या वेढ्यांवर हलकं धरून ठेवलं होतं, वाटेतल्या खड्ड्यांत ते कशाला अडकू नये म्हणून. सहा तास ती तशीच बसून गेली. मला म्हणाली, "साहेब, ही ओढली तर निघत नाही का हो?"

"नाही मावशी. कुणी ओढायला लागलं तर हात धरा त्याचा."

मुलानं डोळे उघडले आणि विचारलं, "सर, खडा निघाला का?" त्याला कुणी नीट सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं.

बाहेरून फोडलेला खडा

शॉकवेव्हनं स्वादुपिंडाचा खडा फोडल्याचं पहिलं वृत्त १९८७ साली म्युनिकहून सॉअरब्रुख आणि सहकाऱ्यांनी दिलं. तंत्र मूतखड्याचंच. बाहेर निर्माण केलेल्या लहरी पाण्याच्या गादीतून शरीरात सोडायच्या, एक्स-रेवर निशाणा धरून त्या खड्यावर एकवटायच्या, आणि खड्याचे तुकडे ३ मिलीमीटरहून लहान होईपर्यंत मारत राहायचं. एका बैठकीत पाच-सहा हजार झटके. मराठवाड्यातले बरेच रुग्ण यासाठी हैदराबादेला जातात. तिथल्या एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजीनं २०१० मध्ये हजारावर रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला, त्यात साधारण तीन चतुर्थांश रुग्णांची नळी पूर्ण मोकळी झाली होती. याला काही मोठं गूढ ज्ञान लागत नाही. मशीन लागतं, ते चालवणारे सरावलेले हात लागतात आणि शेजारी ईआरसीपी व शस्त्रक्रिया दोन्ही लागतात.

मोठ्या शहरातल्या टीमनं आधी दीड दिवस फक्त ताप आणि शुगर आवरली. मग पाठीतून भूल देऊन पहिली बैठक. जी जाळी शत्रू झाली होती, तीच आता कामाला आली. खडा कुठं आहे ते शोधावं लागलं नाही. चार तारांच्या कंदिलावर निशाणा धरायचा. पहिल्या दिवशी ५,००० झटके. फिल्मवर खड्याची कड पुसट झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा ५,०००. त्यानंतर जाळीतला पांढरा ठिपका ठिपका राहिला नाही, सांडलेल्या रांगोळीसारखा पसरला.

शॉकवेव्हही निर्धोक नाही, हे इथंच सांगितलं पाहिजे. शांघायच्या चांगहाई रुग्णालयातल्या ६३४ रुग्णांच्या १,४७० बैठकांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. साधारण ७ टक्के बैठकांनंतर काही ना काही गुंतागुंत झाली होती, बहुतेक स्वादुपिंडदाह, काही जंतुसंसर्ग, क्वचित रक्तस्राव किंवा छिद्र. कधीकधी फुटलेले तुकडेच नळीच्या तोंडाशी रांग लावून अडकतात आणि नवीनच कोंडी होते. आमच्या मुलाला पोटावर तळहाताएवढा लाल चट्टा आला, एकदा लघवी लालसर झाली (उजवा मूत्रपिंड जवळच असतो) आणि एक दिवस कळ राहिली. एवढंच.

तिसऱ्या दिवशी ईआरसीपी. दुर्बीण आत गेली, नाकातल्या तारेवर हलका ताण दिला, आणि जाळी घसरत खाली आली. तिच्या मागोमाग आतड्यात पांढरा गाळ आला, चुन्याच्या डबीत पाणी पडल्यावर येतो तसा. जाळीत खड्याचे दोन बारीक तुकडे अडकलेले होते. आवळलेला भाग अजून आवळलेलाच होता, म्हणून ७ फ्रेंचचा, म्हणजे सव्वादोन मिलीमीटर जाडीचा, प्लास्टिकचा स्टेंट ठेवला. दुसऱ्या दिवशी ताप उतरला. चौथ्या दिवशी मुलगा घरी.

पोटावर टाका नाही. सगळे म्हणाले, दैव बलवत्तर. मला दैवाचं काही सांगता येत नाही. हात वेळेवर थांबला होता आणि तार शाबूत राहिली होती.

चिठ्ठी

सहीचा फॉर्म मी नंतर मागवून वाचला. छापील होता: 'रक्तस्राव, छिद्र, स्वादुपिंडदाह, जंतुसंसर्ग, भुलीचे धोके, क्वचित मृत्यू.' जाळी अडकू शकते हे त्यात नव्हतं. शॉकवेव्ह आधी करतात, ती इथं नाही, हेही नव्हतं. मामांनी सही केली ती 'दुर्बिणीतून' या शब्दावर. आपल्याकडे त्या शब्दाचा अर्थ 'छोटं काम' असा झालाय. टाका नाही, म्हणजे धोका नाही.

आणि माझी चिठ्ठी. मी त्यात प्रश्न लिहायला हवा होता: या ९ मिलीमीटरच्या खड्यासाठी शॉकवेव्ह, दुर्बीण की शस्त्रक्रिया, तुमचं मत काय? त्याऐवजी मी उत्तर लिहून पाठवलं. खालच्या डॉक्टरनं प्रक्रियेचं नाव लिहून पाठवलं की वरच्या डॉक्टरवर आणि नातेवाइकांवर त्याचं ओझं पडतं, हे मला त्या दिवशी कळलं. आता मी चिठ्ठीत खड्याचं माप, जागा, आवळलेपणा आणि नळीची रुंदी लिहितो. प्रक्रियेचं नाव लिहीत नाही.

शस्त्रक्रियेचा पर्याय तर आम्ही कुणी उच्चारलाही नव्हता. फुगलेली नळी उभी चिरून तिला आतड्याचा लूप जोडतात, डोक्यातला कठीण भाग कोरून काढतात. २००७ मध्ये ॲमस्टरडॅमच्या चाचणीत ३९ रुग्ण होते. दोन वर्षांनी दुखण्यात आराम दुर्बिणीच्या गटात ३२ टक्क्यांना, शस्त्रक्रियेच्या गटात ७५ टक्क्यांना. नेदरलँड्सच्याच २०२० च्या एस्केप चाचणीत ८८ रुग्णांत लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांचं दुखणं कमी राहिलं. २०२४ मध्ये भारत आणि डेन्मार्कच्या संशोधकांनी १०६ रुग्णांत शॉकवेव्ह आणि दुर्बिणीच्या उपचाराची तुलना नुसत्या लुटुपुटीच्या प्रक्रियेशी केली. बारा आठवड्यांना थोडा फरक होता, चोविसाव्या आठवड्याला राहिला नाही. म्हणजे नळी मोकळी झाली की दुखणं थांबतंच असं नाही, कारण दुखणं फक्त कोंडीचं नसतं, वर्षानुवर्षं होरपळलेल्या मज्जातंतूंचंही असतं. माझ्या मते या मुलासाठी, एकच अडवणारा खडा आणि अफूवर्गीय औषधांची सवय नसताना, आधी शॉकवेव्ह हेच बरोबर होतं. पण मामांना पहिल्या दिवशी तिन्ही वाटा समजायला हव्या होत्या.

स्टेंट

घरी गेल्यावर मुलगा खुलला. प्रत्येक जेवणात, पहिल्या घासाबरोबर एन्झाइमची कॅप्सूल (जेवणानंतर घेऊन उपयोग नाही, हे तीनदा सांगावं लागलं), तेलतूप बंद करायची गरज नाही, इन्सुलिन दोन वेळा. सहा महिन्यांत वजन ५२. दुखणं जवळजवळ गेलं.

डिस्चार्ज कार्डावर तिसऱ्या पानाच्या तळाशी लिहिलं होतं, 'स्टेंट बदलण्यासाठी ४ महिन्यांनी यावे.' तो गेला नाही. दुखत नाही तर कशाला जायचं? सोयाबीनची काढणी होती, मग बहिणीचं लग्न. मीही विचारलं नाही, कारण माझ्या वहीत त्याच्या नावापुढे फक्त शुगरची तारीख होती. हे प्लास्टिकचे स्टेंट काही महिन्यांत आतून गाळानं बुजतात, कधी आत किंवा बाहेर सरकतात, जास्त राहिले तर नळीलाच इजा करतात. दुखत नसलं तरी वर्षाच्या आत ते बदलायचे असतात.

तेराव्या महिन्यात पुन्हा तीच कळ, ताप, शुगर ४१०. या वेळी मी चिठ्ठी लिहिण्याआधी मोठ्या शहरात फोन केला. स्टेंट निघाला तो तपकिरी गाळानं गच्च, शिवणीच्या सुईलाही वाट नव्हती. नळी धुतली, या वेळी १० फ्रेंचचा टाकला. पुढची तारीख मी मामांच्या, मुलाच्या आणि माझ्या, तिन्ही मोबाईलवर अलार्म म्हणून लावली. मुलानं टपरीच्या शटरवर आतून खडूनंही लिहिली. एक वर्ष स्टेंट वेळेवर बदलले गेले आणि मग आवळलेला भाग मोकळा राहिलेला दिसल्यावर शेवटचा काढून टाकला.

शेपटीकडचे बारीक खडे अजून तिथंच आहेत. त्यांना कुणी हात लावलेला नाही, लावायची गरजही नाही.

मागच्या महिन्यात तो आई आणि होणाऱ्या बायकोला घेऊन आला. वजन ५५. मुलीला सगळं सांगायचंय, पण मला जमत नाही, तुम्ही सांगा, म्हणाला. मी मधुमेहाचं सांगितलं, कॅप्सूलचं सांगितलं, दारूचा संबंध नाही हे दोनदा सांगितलं. आईनं कापडदुकानाच्या पिशवीतून जुनी फिल्म काढली आणि खिडकीच्या उजेडाला धरली. मुलीनं जवळ जाऊन त्या चार तारांवर बोट ठेवलं.

"हे काय आहे?"

"ती जाळी," आई म्हणाली. "आता नाही ती. साहेब, नाही ना?"

मी नवीन एक्स-रे काढून दाखवला. मग मुलीनं पिशवीतली डिस्चार्जची कागदं मागितली आणि बाकावर बसून तिसऱ्या पानापासून वाचायला सुरुवात केली.